साडेतीनशे रुपयांचं विंडोज, दुकानाचा डेटा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा सौदा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगली मार्केट यार्डात वडिलांचं बेदाण्याचं अडत दुकान, २०१६ साली घेतलेला सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह कॉम्प्युटर, त्यावर विंडोज १०, हिशोब टॅलीवर, आणि ओळखीचा एक पोरगा म्हणतोय साडेतीनशे रुपये द्या, विंडोज ११, ऑफिस आणि टॅलीचं "फुल व्हर्जन" सगळं टाकून देतो. दुसरं म्हणजे बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडं पैसे अडकलेत, सौदा सगळा व्हॉट्सअ‍ॅपवर झालाय आणि वकील म्हणतायत चॅट आणून द्या. तिसरं, सौद्याच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन तुम्ही, कुणी काही भलतंसलतं टाकलं तर तुम्ही अडकाल का.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. डॉसच्या जमान्यापासून याच गावात मशिनी उघडत बसलोय, आणि हल्ली वकील मंडळीच हार्ड डिस्क आणि मोबाईल घेऊन दुकानात येतात त्यामुळं कलमं वाचायची सवय लागली एवढंच. पण माझं मत विचाराल तर तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. तुमच्याकडं जी कॉपी आहे, मग ती विंडोजची असू दे, हिशोबाची असू दे नाहीतर चॅटची, ती कुठनं आली आणि मधे तिला कुणी हात लावला का हे उद्या दाखवता आलं पाहिजे. लोक कॉम्प्युटर घेताना रॅम किती, प्रोसेसर कुठला हे तासभर विचारतात आणि बिल मात्र "नको, जीएसटी वाढतंय" म्हणून सोडून जातात. माझ्या मते त्या सगळ्या खरेदीत बिल हीच सगळ्यात महाग वस्तू असते.

आता क्रॅकचं बघू, म्हणजे लायसन्स न घेता कुलूप तोडून चालवलेल्या सॉफ्टवेअरचं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात ६३ब म्हणून कलम आहे. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड ५० हजार ते २ लाख. त्याच कलमात खाली एक सवलत पण आहे, वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर कोर्ट कारण नोंदवून कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. म्हणजे घरी पोरगं प्रोजेक्ट करतंय आणि अडत दुकानात शेतकऱ्याच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशोबपावत्या) निघतायत यात कायद्यानंच फरक केलाय, आणि तुम्ही दुसऱ्या गटात येता. टाकून देणारा पोरगा तर ६३ कलमात वेगळाच अडकतो, पण तो बिल देणार नाही, त्यामुळं उद्या काही झालं तर मशीन तुमच्या टेबलावर आणि पोरगा कुठंतरी पुण्याला नोकरीला.

पोलिस खरंच येतात का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसत्या विंडोजसाठी अडत दुकानावर धाड पडलेली मी बघितलेली नाही. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मात्र कंपन्यांच्या वकिलांच्या नोटिसा आलेल्या बघितल्यात, कारण ती सॉफ्टवेअरं इंटरनेटला लागली की आपण कुठल्या मशीनवर आहोत हे मालकाला कळवतात. कागदावर कायदा इतका कडक आणि प्रत्यक्षात कुणी विचारत नाही, हे मला स्वतःला अजिबात आवडत नाही, कारण मग कुणाला पकडायचं हे पकडणाऱ्याच्या मर्जीवर जातं. असो. पोलिसांची भीती घालून मी तुम्हाला क्रॅक सोडायला सांगणार नाही, माझं कारण वेगळं आहे.

क्रॅक चालतो कसा ते बघा. मोठ्या ऑफिसात शेकडो मशिनी असतात, तिथं प्रत्येक मशीनला वेगळी "की", म्हणजे लायसन्सचा नंबर, मारत बसायला नको म्हणून मायक्रोसॉफ्टनं सोय ठेवलीय की कंपनीचा स्वतःचा एक सर्व्हर असतो, मशिनी त्याला विचारतात आणि तो १८० दिवसांची परवानगी देतो, मग परत विचारायचं. बाजारातला अ‍ॅक्टिव्हेटर काय करतो तर असला खोटा सर्व्हर तुमच्याच मशीनच्या आत बसवतो आणि ठराविक दिवसांनी आपोआप परवानगी नवीन करून घेतो. म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम पूर्ण अ‍ॅडमिनचे हक्क घेऊन तुमच्या मशीनमधे कायमचा बसलेला असतो, आणि तो बसवायची पहिली पायरी काय, तर "अँटिव्हायरस बंद करा". त्याच मशीनवर तुम्ही नेट बँकिंग करताय, जीएसटी पोर्टलचा पासवर्ड सेव्ह करताय, शेतकऱ्यांचे आधार आणि पासबुकचे फोटो ठेवताय. दुकानाची चावी अशा माणसाला देऊन ठेवायची का हे तुम्हीच ठरवा.

आणि ते ऑनलाइन पाचशे रुपयात "ओरिजिनल की" मिळते ते? ती बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीच्या एकगठ्ठा लायसन्समधली नाहीतर दुसऱ्या देशातली असते. आज अ‍ॅक्टिव्हेट होईल, पुढं कधी बंद पडेल सांगता येत नाही. सर्व्हरनं हो म्हणणं वेगळं आणि तुमच्या नावावर लायसन्स असणं वेगळं.

यातली वाईट गंमत अशी की कित्येक लॅपटॉप येतानाच खरं विंडोज घेऊन येतात. विंडोज ८ च्या काळापासून ब्रँडेड मशीनची की मदरबोर्डवरच्या चिपमधेच लिहिलेली असते, तुम्ही तीच एडिशन परत टाकली की काही न विचारता ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. आणि आपले लोक काय करतात, मशीन स्लो झालं म्हणून कुठंतरी देतात, तो खरं होम एडिशन पुसून त्यावर क्रॅकचं प्रो टाकून देतो, वर चारशे रुपये घेतो. पैसे देऊन विकत घेतलेली वस्तू पैसे देऊनच चोरीची करून घ्यायची! तुमच्या घरात एखादा ब्रँडेड लॅपटॉप असेल तर सेटिंग्जमधे अ‍ॅक्टिव्हेशनला जाऊन बघा काय लिहिलंय, डिजिटल लायसन्स दिसलं आणि कुणी अ‍ॅक्टिव्हेटर चालवलेला नसेल तर उगाच कुणाला फॉरमॅट करू देऊ नका.

तुमच्या दुकानातल्या मशीनचं सांगतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट थांबवला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. घरगुती मशिनींना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत दिलीय, धंद्याच्या मशिनींसाठी ती वेगळी आणि पैसे भरून आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचा सहाव्या पिढीचा आहे, त्यामुळं तो पोरगा जे करणार ते तपासणी चुकवून टाकणार. चालतंय तसं, मी स्वतः प्रयोगाला टाकून बघितलंय, पण अपडेटची खात्री कंपनी देत नाही आणि हिशोबाच्या मशीनवर मी असलं करत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर जुन्या मशीनमधे एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवली असती आणि घरी नेऊन पोरांना दिलं असतं. फुकट आहे, कायदेशीर आहे, लिबरऑफिस त्यातच येतं, ब्राउझर आहे, युट्यूब चालतं, दहावी-बारावीच्या पोराला अजून काय लागतंय. पहिले आठ दिवस कुरकुर करतील, मग विसरतील. दुकानाला मात्र टॅलीसाठी विंडोज पाहिजे, लिनक्सवर टॅली ओढूनताणून चालवायच्या फंदात पडू नका. तिथं आठव्या पिढीच्या पुढचं रिफर्बिश्ड मशीन घ्या, कंपन्यांनी भाड्याचे परत केलेले डेस्कटॉप बाजारात भरपूर येतात, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतात आणि बहुतेकांच्या बोर्डात विंडोजची खरी की असते. फक्त घेताना समोर नेटला लावून अ‍ॅक्टिव्हेशन बघायचं आणि सिरीयल नंबर लिहिलेलं बिल घ्यायचं.

टॅलीच्या क्रॅकबद्दल माझं मत जरा जास्तच कडक आहे. ज्या सॉफ्टवेअरवर तुमचा सगळा धंदा उभा आहे त्याचे पैसे द्या की राव. महाग वाटतं हे मान्य, पण क्रॅकवाल्याला जीएसटीतले बदल वेळेवर मिळत नाहीत, मग कुठलंतरी जुनं व्हर्जन वर्षानुवर्षं चालवत बसायचं आणि शेवटी सीएच्या ऑफिसात डेटा उघडला की व्हर्जनचा घोळ. काही दिवस शिकायचं असेल तर टॅलीचाच एज्युकेशनल मोड आहे, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्री होतात. एका ठिकाणी मी असा हिशोब बघितलाय की सगळा धंदा म्हणे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांतच झालाय, ऑडिटवाल्यानं कपाळाला हात लावला.

टॅलीत एडिट लॉग म्हणून सोय आहे, कुठली एंट्री कधी बदलली त्याची नोंद राहते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं केलंय. तुमची फर्म वडिलांच्या नावावरची, तुम्हाला ती सक्ती नाही, पण तरी चालू ठेवा. का ते खाली चॅटच्या भागात कळेल.

आता डेटा. इथं मी जरा लांबण लावणार आहे कारण सांगलीत राहून बॅकअपबद्दल बेफिकीर असणारा माणूस मला समजतच नाही. २००५ चा पूर झाला, २०१९ चा झाला, २०२१ चा झाला. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. त्या पुरानंतर गणपती पेठ, हरभट रोड, खणभाग इथनं जे सीपीयू दुकानात आले त्यातल्या कित्येकांच्या आत बोटभर गाळ होता, आणि प्रत्येक जण विचारत होता हार्ड डिस्क निघेल का. बॅकअप कुठंय विचारलं तर म्हणे त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधे पेनड्राइव्ह होता. आपल्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा, पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली माल सुरक्षित राहिला आणि २००५ ला पाणी शिरलं तेव्हा पेवंही गेली आणि आतली हळदही. सगळा साठा एकाच जागी असला की असंच होतं, मग ती जागा कितीही भरवशाची असू दे.

म्हणून दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या. एक दुकानात, एक मिरजेला नाहीतर विट्याला पाहुण्यांकडं, महिन्यातनं एकदा अदलाबदल. दुकानातली कायम मशीनला लावून ठेवायची नाही, कारण रॅन्समवेअर शिरलं तर जे जे जोडलेलं दिसतं ते सगळं तो कुलूपबंद करतो, बॅकअपसकट. टॅलीचा डेटा एवढासा असतो, तो एनक्रिप्ट करून क्लाउडवर पण एक ठेवला तर उत्तम, पण त्याचा पासवर्ड एकट्या तुमच्याच डोक्यात नको, वडिलांनाही माहीत पाहिजे. जीएसटी कायद्यात हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगितलाय, म्हणजे सहा वर्षं, तुमचा डेटा निदान तेवढा मागं गेला पाहिजे. आणि कुणी सांगत असेल की सॉफ्टवेअरची कॉपी करणं गुन्हा आहे तर त्याला कॉपीराइट कायद्याचंच ५२ कलम दाखवा, कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रॅमची हरवू नये म्हणून बॅकअप प्रत काढायला त्यात स्पष्ट मुभा आहे. कायदेशीर घेतलेल्या, हा शब्द तेवढा विसरू नका.

बॅकअप घेतला आणि कधी उघडूनच बघितला नाही तर तो आहे का नाही हे देवालाच माहीत. दिवाळीत वहीपूजन करता ना, त्याच दिवशी मागच्या वर्षीच्या बॅकअपमधनं कुठलीही एक पट्टी उघडून बघायची. झालं.

पुरात डिस्क भिजलीच तर ती लावून बघायची नाही, हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी लोक आधी लावून बघतात मग आणतात. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, फिल्टरवालं, त्यातनं पाणी आत जातं. आतली तबकडी फिरते तेव्हा हेड तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं, त्या फटीत गाळाचा एक कण आला की तबकडी खरवडली जाते आणि मग कुणीही काही करू शकत नाही. उन्हात ठेवू नका, ड्रायर मारू नका, तांदळात तर अजिबात नको, आतला गाळ वाळून चिकटतो. ओली आहे तशीच पिशवीत घट्ट बंद करून रिकव्हरी लॅबला पाठवा, मुंबई-पुण्याला आहेत, पैसे घेतात पण निघायची शक्यता राहते.

अजून एक, तुमच्याकडं जुन्या पट्ट्या, करारपत्रं, भागीदारीचे मसुदे वगैरे "श्रीलिपी" नाहीतर "आकृती" या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधे टाइप केलेले असणार, त्या काळी सगळं डीटीपी त्यातच व्हायचं. त्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र टिंबं दिसतात, कारण त्या फॉन्टमधे इंग्रजी अक्षराच्या जागेवरच मराठी चित्र बसवलेलं असायचं, युनिकोडसारखं प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर ही पद्धत तिथं नव्हती. जुनं मशीन चालू आहे तोपर्यंत सगळ्याच्या पीडीएफ काढून ठेवा आणि महत्त्वाचं युनिकोडमधे करून घ्या. डिस्क शाबूत आणि मजकूर वाचता येत नाही असं होऊन बसलेले लोक माझ्याकडं येतात, विशेषतः जुन्या पतसंस्थांचे.

आता तुमचे अडकलेले पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला सौदा सौदाच आहे, आयटी कायद्याच्या १०अ कलमात सांगितलंय की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो फेटाळता येत नाही. अडचण सौद्याची नसतेच, ती असते दाखवण्याची. लोक काय करतात, चार-पाच सोयीचे स्क्रीनशॉट काढतात, रंगीत झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट आणतात आणि वकिलाच्या टेबलावर ठेवतात. स्क्रीनशॉट बनवायला आजकाल शाळेतल्या पोराला दोन मिनिटं लागतात, हे समोरच्या वकिलालाही माहीत असतं.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. आधीचं ६५ब कलम होतं ते आता ६३ झालं. इलेक्ट्रॉनिक गोष्टीची प्रिंट किंवा कॉपी द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं, आणि आता त्याचे दोन भाग आहेत, पहिला भाग ज्याच्या ताब्यात मोबाईल किंवा कॉम्प्युटर होता त्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायला लागते. हॅश म्हणजे काय तर फाइलमधल्या एकूण एक अक्षरावरून गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा, शा-२५६ पद्धतीनं काढला तर ६४ अक्षरी येतो. चॅटच्या फाइलमधे एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो आकडा पूर्ण वेगळा येतो, थोडासा नाही, पूर्ण. म्हणून आज आकडा काढून लिहून ठेवला आणि दोन वर्षांनी कोर्टात तोच आला तर त्या दिवसापासून फाइलला कुणी हात लावलेला नाही हे सिद्ध होतं. विंडोजमधे हे काढायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासून असते.

सर्टिफिकेट म्हणजे नुसती औपचारिकता आहे असं समजू नका. आपल्या महाराष्ट्रातलीच केस आहे. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, विरोधातले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले की यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतलाय. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, आणि मागून मागून अधिकारी सर्टिफिकेट देईनात. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १४ जुलै २०२० ला निकाल लागला. कोर्टानं सांगितलं कॉपी दिली तर सर्टिफिकेट पाहिजेच. मात्र दुसऱ्याच्या ताब्यातली गोष्ट असेल आणि तो देत नसेल तर कोर्टाकडं अर्ज करा, कोर्ट आणायला लावेल, आणि सगळं करूनही मिळालं नाही तर तुमचं नुकसान होणार नाही. आणि त्यातच तुमच्या कामाची एक ओळ आहे, मूळ उपकरणच त्याच्या मालकानं साक्षीला उभं राहून दाखवलं तर सर्टिफिकेटची गरज नाही.

याचा साधा अर्थ, तो मोबाईल विकू नका! एक्स्चेंजला देऊ नका, रिसेट मारू नका, दिवाळी सेल आला तरी नाही. नवीन घ्यायचा तर घ्या पण जुना बंद करून कपाटात ठेवा. त्या व्यापाऱ्याच्या चॅटवर मेसेज आपोआप गायब होण्याचं सेटिंग चालू असेल तर आत्ताच बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करताना पूर्ण करा, तुम्ही रागात चार शिव्या दिल्या असतील त्या पण राहू द्या, मधला एखादा मेसेज पुसलेला आढळला की बाकीच्या सगळ्यावर शंका येते. आणि समोरच्याचं नाव तुम्ही "अमुक शेठ तासगाव" असं सेव्ह केलेलं असतं ते नाव तुमच्या फोनचं आहे, त्याला अर्थ नाही, नंबर दिसला पाहिजे आणि तो नंबर त्याच्या बिलावर, व्हिजिटिंग कार्डावर कुठंतरी छापलेला असेल तर तो कागद जोडा.

नुसतं चॅट म्हणजे बोलणं झालं. माल गेला हे दाखवायला काटा पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल, कोल्ड स्टोरेजची गेटपास, त्याच्याकडनं आधी आलेल्या रकमेची बँकेतली एंट्री, आणि तुमच्या टॅलीतली त्याच तारखेची नोंद. आता बघा एडिट लॉग कशाला पाहिजे होता. समोरचा म्हणणार ही एंट्री तुम्ही काल मारली, लॉग दाखवतो की ती त्याच दिवशीची आहे आणि नंतर बदललेली नाही. आणि टॅली क्रॅकची असेल तर समोरच्या वकिलाच्या हातात तुम्ही स्वतः एक आयता मुद्दा देताय, की ज्याचं सॉफ्टवेअरच कुणीतरी आतनं बदललेलं आहे त्याच्या नोंदीवर विश्वास कशाला ठेवायचा. साडेतीनशे रुपयात एवढं सगळं येतं.

वेळ काढू नका. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती कधीपासून धरायची ते वकील सांगतील. व्यापारी वाद तीन लाखांच्या वरचा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जावंच लागतं, तिथंही हेच कागद कामाला येतात, कित्येक जण एवढी फाइल बघूनच हप्ते पाडून द्यायला तयार होतात.

ग्रुप अ‍ॅडमिनचं उत्तर छोटं आहे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मधे सांगितलंय की सदस्यानं काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन आहे एवढ्यावर तो गुन्हेगार होत नाही, दोघांचं संगनमत दिसलं पाहिजे, कारण अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज यायच्या आधी थोडाच कळतो. आयटी कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाची लोकांना अजून भीती वाटते, २०१२ ला पालघरच्या दोन पोरींना फेसबुकच्या पोस्टवरून उचललं होतं ते, ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. तरी कुणी दंगलीबिंगलीचं काही टाकलं तर पुसा आणि त्याला काढा. सौद्याच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगवाले आधी काढा, हे आपलं माझं वैयक्तिक मत.

मला खरी काळजी त्या ग्रुपवर येणाऱ्या एपीके फाइलींची (उघडली की फोनमधे अ‍ॅप बसवणाऱ्या) वाटते, लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून, बँकेचं केवायसी म्हणून. पत्रिका कधी अ‍ॅप नसते. एकानं उघडली की त्याच्या फोनवरून आख्ख्या ग्रुपला जाते आणि ओळखीच्या माणसाकडनं आली म्हणून पुढचा उघडतो. वडिलांना हे सांगून ठेवा, आणि हेही की व्हिडिओ कॉलवरून अटक असला प्रकार कायद्यात नाही, वर्दीतला माणूस कॅमेऱ्यात कितीही ओरडू दे, फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर पहिलं १९३० ला फोन, नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार, आणि बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मधे परिपत्रक काढून नियम घालून दिला, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा बाहेरचा घोळ असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून सोमवारी बघू असं म्हणायचं नाही, शनिवारी रात्री का असेना, त्याच मिनिटाला कळवायचं.

एक राहिलं. उद्या टॅलीचं लायसन्स घेतलं आणि पुढं कधी मशीन बदललं, तर जुनं फॉरमॅट करायच्या आधी त्यावरून लायसन्स सरेंडर करून घ्या, तो पर्याय टॅलीतच असतो, मग नव्यावर चालू करा. जुनी डिस्क आधीच पुसून बसलात तर लायसन्स तिकडंच अडकलेलं दिसतं आणि सपोर्टला फोन करत बसावं लागतं, आणि हे नेमकं मार्च महिन्यात होतं.